तुपाच्या जागी काय?

जयपुरातील एका मराठी घरात फ्रिजच्या दारावर रक्ततपासणीचे दोन कागद शेजारी शेजारी लावलेले होते. दोहोंमध्ये अंतर तीन महिन्यांचे. घरातील आजोबा एकोणसत्तर वर्षांचे. तरुणपणी पश्चिम रेल्वेत नोकरीला लागले, बदली होऊन जयपूर विभागात आले आणि इथलेच झाले. २००२ साली जयपूरला मुख्यालय असलेली उत्तर पश्चिम रेल्वे वेगळी झाली, तेव्हा त्यांच्या कागदपत्रांवरचा शिक्का बदलला. घराचा पत्ता मात्र तोच राहिला. या घरात वरणभात आणि दाल-बाटी यांचे कधी वाकडे आले नाही, कारण दोहोंवर पडणारे तूप एकाच बरणीतले असे. आजी साय साठवीत, विरजण लावीत, लोणी काढून ते कढवीत. तूप कढल्याचा वास जिन्यापर्यंत येई.

पहिल्या कागदावरचे आकडे असे होते : एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड १९०, एचडीएल ३६, एलडीएल १३८. सर्व मोजमापे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आहार सांभाळा, मग पाहू." डॉक्टरांनी उच्चारलेला शब्द 'आहार' होता, घराने तो 'तूप' असा ऐकला. दिवसाचे चार-पाच चमचे तूप त्याच संध्याकाळी बंद झाले.

तूप गेले, पण भूक राहिली. कोरडी पोळी लवकर पचते म्हणून दोनच्या तीन झाल्या. तुपाविना भात गिळवेना म्हणून त्यावर साखर घालून दूध आले. चार वाजताच्या चहाबरोबर बिस्किटे आली. पुड्यावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' असे छापलेले होते आणि ते खरेही होते, कारण वनस्पतिजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. उपासाच्या दिवशी साबुदाणा, इतर दिवशी मुरमुरे. कुणीही काही चुकीचे करीत नव्हते. घरातले प्रत्येकजण आजोबांची काळजीच घेत होते.

दुसरा कागद आला तेव्हा घरात आनंद झाला. एकूण कोलेस्टेरॉल १९६. एलडीएल १३८ वरून ११० वर. ट्रायग्लिसराइड २६५ आणि एचडीएल ३३ या दोन ओळींकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. लक्ष गेले ते डॉक्टरांचे. त्यांनी रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली आणि साखरेचीही तपासणी करायला सांगितली.

आजोबा दुखावले. तीन महिने कोरडे जेवण जेवून आकडा खाली आणला आणि वर गोळी! त्याच रात्री त्यांच्या फोनवर एक संदेश फिरत आला. जयपूरच्या डॉक्टरांनी सिद्ध केले आहे की महिन्याला किलोभर तूप खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असा त्याचा आशय होता. परक्या देशातले नव्हे, आपल्याच जयपूरचे संशोधन. सकाळी आजोबांनी जाहीर केले की गोळी घ्यायची नाही आणि तूप पुन्हा सुरू करायचे.

घरातील नात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. वैद्यकाचे तिला काही कळत नव्हते. पण मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा यांतला फरक तिला प्रयोगशाळेने शिकवला होता. तिने दोन्ही कागद फ्रिजवरून काढले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : यांतले कोणते आकडे खरोखर मोजलेले आहेत?

उत्तर बहुतेकांना ठाऊक नसते. सामान्य लिपिड तपासणीत प्रयोगशाळा तीन गोष्टी मोजते : एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएलमधील कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. एलडीएल हा आकडा पुष्कळ ठिकाणी आजही वजाबाकीने काढला जातो. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिकसन या तिघांनी १९७२ साली हे सूत्र मांडले. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. उरेल ते एलडीएल. हा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएल या कणांतील कोलेस्टेरॉलचा अंदाज. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर सूत्र वापरू नये, हे त्याच्या कर्त्यांनीच सांगितले होते. त्याखालीही ट्रायग्लिसराइड जसजसे वाढते तसतसे हे सूत्र एलडीएल प्रत्यक्षाहून कमी दाखवू लागते.

नातीने हिशेब मांडला. पहिल्या कागदावर २१२ उणे ३६ उणे ३८, म्हणजे १३८. दुसऱ्यावर १९६ उणे ३३ उणे ५३, म्हणजे ११०. एलडीएल २८ ने उतरले. पण एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा केले, तर उरणारा आकडा पहिल्यांदा १७६ होता आणि दुसऱ्यांदा १६३. घट फक्त १३ ची. मग उरलेले १५ कुठे गेले? ते रक्तातून गेलेच नव्हते. हिशेबाच्या वहीत ते एलडीएलच्या रकान्यातून उचलून व्हीएलडीएलच्या रकान्यात मांडले गेले होते, कारण ट्रायग्लिसराइड वाढले होते. ज्या २८ अंकांसाठी घराने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक या रकान्यातून त्या रकान्यात गेलेले होते. आणि व्हीएलडीएलचे अवशेषही धमनीच्या भिंतीत शिरून तेच नुकसान करतात. म्हणून आता अनेक डॉक्टर 'एचडीएलविरहित कोलेस्टेरॉल' हा आकडा पाहतात. तो उपाशीपोटी आणि जेवल्यावर सारखाच उपयोगी पडतो आणि त्यात अंदाजाचा भाग नसतो.

येथे आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एकाच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल काहीही न बदलता आठवड्या-आठवड्याला पाच ते दहा टक्के हलू शकते. ट्रायग्लिसराइड तर वीस टक्के किंवा त्याहूनही अधिक. आजोबांच्या एकूण कोलेस्टेरॉलमधील घट साडेसात टक्के होती. म्हणजे जिच्यावर आनंद आणि रुसवा दोन्ही उभे होते, ती घट शरीराच्या नेहमीच्या चढउतारात सहज लपून जाईल एवढीच होती. दोन बिंदूंतून रेषा काढता येते. निष्कर्ष काढता येईलच असे नाही.

"अगं, पण आकडा उतरला हे तर खरं ना?" आजोबा म्हणाले. "गाडी उशीर भरून काढत असताना तिला लाल सिग्नल कशाला?"

"गाडी वेळेवर आहे हे कुठल्या घड्याळावरून म्हणायचं, आजोबा?" नातीने विचारले. "जंतरमंतरच्या की स्टेशनवरच्या?"

हा प्रश्न त्यांचाच होता. ती आठ वर्षांची असताना त्यांनीच तिला सवाई जयसिंहांच्या सम्राट यंत्रासमोर उभे केले होते आणि सावलीवरून वेळ वाचायला लावली होती. सावलीची वेळ आणि मनगटावरची वेळ जुळेना. तेव्हा आजोबांनी समजावले होते की यंत्र चुकलेले नाही. यंत्र जयपूरची वेळ सांगते. घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ सांगते. जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांवर, म्हणून सुमारे २७ मिनिटांचा फरक, आणि ऋतूप्रमाणे त्यात काही मिनिटांची भर किंवा घट. शून्य कुठे धरले आहे हे कळल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, हा तिला मिळालेला भौतिकशास्त्राचा पहिला धडा. तो एका रेल्वेवाल्याने दिला होता.

आहार आणि कोलेस्टेरॉल यांच्या विज्ञानातही असेच एक शून्य धरलेले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर माणसांना ठरावीक आहार देऊन रक्तातील कोलेस्टेरॉल किती बदलते ते मोजले. त्यातून निघालेले समीकरण प्रसिद्ध आहे. दिवसाच्या एकूण उष्मांकांत संपृक्त मेदाचा वाटा एक टक्क्याने वाढला तर कोलेस्टेरॉल सुमारे २.७ ने वाढते. बहुअसंपृक्त मेदाचा वाटा, म्हणजे करडई-सूर्यफुलासारख्या तेलांतील मेदाचा वाटा, एक टक्क्याने वाढला तर ते सुमारे १.३५ ने उतरते. अन्नातील कोलेस्टेरॉलसाठी आणखी एक छोटे पद आहे. समीकरण साधे आहे आणि त्या काळच्या प्रयोगांना ते चांगले लागू पडले.

पण त्यात कर्बोदके कुठे आहेत? कुठेच नाहीत. पोळी, भात, साखर, साबुदाणा या सर्वांचा गुणांक शून्य. याचा अर्थ कर्बोदके निरुपद्रवी आहेत असा नव्हे. उष्मांक स्थिर ठेवून जेवणातून एक वस्तू काढली की तिच्या जागी दुसरी घालावीच लागते. मेदाच्या जागी कर्बोदके घालून मोजमाप केले, म्हणून कर्बोदके ही पट्टीची शून्यखूण झाली. समुद्रसपाटीची उंची शून्य असते. म्हणून तिथे पाणी नसते असे कुणी म्हणत नाही.

आजोबांनी तूप सोडून केवळ पोळ्या वाढवल्या, तर या समीकरणाप्रमाणे काय व्हावे? चार-पाच चमचे तुपातील संपृक्त मेद दिवसाच्या उष्मांकांच्या पाच-सहा टक्के धरला तर कोलेस्टेरॉल १३ ते १६ ने उतरावे. ते १६ ने उतरले. कीज चुकले नव्हते. मात्र त्यांच्या समीकरणाच्या डाव्या बाजूला एकूण कोलेस्टेरॉल एवढाच आकडा होता. ट्रायग्लिसराइड त्यात नव्हते, एचडीएलही वेगळे केलेले नव्हते. ज्या दोन ओळींकडे घराचे लक्ष गेले नाही, त्या ओळी समीकरणातच नव्हत्या.

त्या ओळींत काय घडते ते आता बऱ्यापैकी समजले आहे. जेवणातून आलेली साखर आणि पिष्ट यांची गरजेपुरती विल्हेवाट लागली की उरलेल्याचा काही भाग यकृत मेदात रूपांतरित करते. शिवाय साखर आणि इन्शुलिन यांच्या दबावाखाली यकृतातील मेद जाळण्याऐवजी साठवला आणि बाहेर पाठवला जातो. हा मेद ट्रायग्लिसराइडच्या रूपाने व्हीएलडीएल कणांत भरून रक्तात सोडला जातो. रक्तात एक प्रथिन देवाणघेवाण घडवते : व्हीएलडीएलकडचे ट्रायग्लिसराइड एचडीएल व एलडीएलकडे, आणि त्यांच्याकडचे कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलकडे. ट्रायग्लिसराइडने भरलेले एचडीएल लवकर मोडते, म्हणून एचडीएलचा आकडा घसरतो. एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात, म्हणजे तेवढ्याच कोलेस्टेरॉलमागे कणांची संख्या अधिक. उलट बाजूला, संपृक्त मेद अधिक झाला की यकृताच्या पेशींवरील एलडीएल ओढून घेणारे ग्राही मंदावतात आणि एलडीएल रक्तात साचते. दोन वाटा वेगळ्या आहेत. तूप एका वाटेने त्रास देते, जादा पोळी-साखर दुसऱ्या वाटेने. एक वाट बंद करताना दुसरी उघडली, तर प्रवासी पोहोचतोच.

ही दुसरी वाट भारतात विशेष वर्दळीची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या पाहणीचा पहिला टप्पा तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथे झाला. रक्तातील मेदांविषयीचे त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एलडीएल वाढलेले लोक ११.८ टक्के, ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के, आणि एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. याच पाहणीमालेतून २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये देशभराच्या आहाराचे विश्लेषण आले. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिने केवळ १२ टक्के. गव्हाचे पीठ किंवा भरड धान्य तांदळाच्या जागी आणले पण एकूण कर्बोदके तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. कर्बोदकांतील थोडा वाटा डाळी किंवा दुग्धजन्य प्रथिनांना दिला तर दिसला. त्याच अभ्यासात बहुतेक राज्यांत संपृक्त मेदाचे प्रमाणही शिफारशीहून अधिक आढळले. म्हणजे दोन्ही वाटा उघड्या.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 'दिसायला बारीक, आत मेद अधिक' अशा भारतीय शरीराकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आजोबाही अंगाने बारीक. शर्टाचे माप तीस वर्षांत बदलले नाही, याचा त्यांना अभिमान होता. पँटच्या पट्ट्याची भोके मात्र दोन पुढे सरकली होती.

आता राहिला फोनवरचा तो संदेश. तो खोटा नव्हता, आणि यामुळेच तो अधिक काळजीने वाचायला हवा होता. जयपूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. राजीव गुप्ता आणि हरि प्रकाश यांनी राजस्थानच्या ग्रामीण भागातील सुमारे दोन हजार पुरुषांच्या पाहणीवर आधारलेला एक शोधनिबंध १९९७ साली प्रसिद्ध केला. महिन्याला एक किलोहून अधिक तूप खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, हे त्यात खरोखर नोंदलेले आहे. त्याच्या तीस वर्षे आधी, १९६७ साली, पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंच्या नोंदी मांडल्या होत्या. दक्षिणेतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू उत्तरेतील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट होते. आणि दूध-तुपाचा मेद कित्येक पट अधिक खात होते ते उत्तरेतले. हे ऐकताच आजोबा खुर्चीत पुढे सरकले. "बघ! आमचीच रेल्वे!"

नातीने वहीत पुन्हा हिशेब मांडला. महिन्याला एक किलो म्हणजे दिवसाला सुमारे ३३ ग्रॅम तूप. त्यात संपृक्त मेद साधारण २० ग्रॅम, म्हणजे १८० उष्मांक. शेतात दिवसभर राबणारा माणूस ३००० उष्मांक खात असेल, तर हा वाटा सहा टक्के. संपृक्त मेद दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. त्या शेतकऱ्याचे किलोभर तूप मर्यादेच्या आतच बसत होते. आजोबांचे दिवसभराचे उष्मांक जेमतेम १८००. त्यांच्यासाठी तेच तूप दहा टक्के, म्हणजे दूध, दही, तळण यांना हिशेबात जागाच उरत नाही. बरणी तीच, चमचा तोच, खाणारा वेगळा.

शिवाय ती पाहणी एका क्षणाची होती. ज्याला छातीत दुखू लागले त्याने आधीच तूप सोडले असेल, तर कमी तूप खाणाऱ्यांत आजारी माणसे अधिक दिसणारच. तूप परवडणारा शेतकरी दूध, भाज्या, औषध यांतही सधन असेल. तूप अधिक खाणारा दुसरे तेल किंवा वनस्पती तूप कमी खात असेल. त्या काळी वनस्पती तुपात ट्रान्स मेद भरपूर असे. हा मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल घटवतो, म्हणजे दोन्हीकडून मारतो. नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि कातान यांनी १९९० मध्ये हे दाखवले, आणि भारतात तेला-तुपांतील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा २०२२ पासून लागू झाली. मल्होत्रांच्या नोंदींतही उत्तर आणि दक्षिण यांत केवळ मेदाचा फरक नव्हता. तूप खाणारे निरोगी होते, हे निरीक्षण आहे. तुपामुळे ते निरोगी होते, हा निष्कर्ष आहे. या दोन वाक्यांमध्ये पुष्कळ काम शिल्लक असते.

त्या कामातील एक मोठा टप्पा २०१७ साली आला आणि त्यातही जयपूर होते. 'प्युअर' या अठरा देशांतील अभ्यासाच्या भारतीय केंद्रांत जयपूरचा समावेश आहे. १ लाख ३५ हजारांहून अधिक लोकांच्या आहाराची आणि पुढील वर्षांतील मृत्यूंची सांगड घालता कर्बोदकांचा वाटा सर्वाधिक असलेल्यांत एकूण मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. त्याच्या सोबतच्या लेखात रक्तातील मेद पाहिले होते. संपृक्त मेद अधिक खाणाऱ्यांत एलडीएल अधिक होते, पण एचडीएलही अधिक आणि ट्रायग्लिसराइड कमी. कर्बोदके अधिक खाणाऱ्यांत एलडीएल कमी, पण एचडीएलही कमी आणि ट्रायग्लिसराइड अधिक. फ्रिजवरच्या दोन कागदांतला बदल जणू त्याच तक्त्यातून उतरवलेला होता. या अभ्यासावर आक्षेपही घेतले गेले. ज्यांचे पोट केवळ भातावर किंवा भाकरीवर भरते, ते बहुधा गरीब असतात, आणि गरिबी स्वतःच माणसाला लवकर मारते. आक्षेप योग्य आहे. तरीही एक गोष्ट ठरते : कोणताही पदार्थ 'चांगला' की 'वाईट', हा प्रश्न अपुरा आहे. तो कशाच्या जागी आला आणि त्याच्या जागी काय आले, एवढे विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ येत नाही.

"म्हणजे तूप निर्दोष ठरलं," आजोबा म्हणाले. "गोळीचं काय मग?"

इथे नात थांबली, कारण इथे चूक महागात पडली असती. कर्बोदकांवरचा आरोप सिद्ध झाला म्हणून एलडीएल सुटत नाही. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते एलडीएलचे ग्राही शोधल्याबद्दल. ज्या मुलांत हे ग्राही जन्मतःच नसतात त्यांचे एलडीएल प्रचंड वाढते आणि त्यांना कोवळ्या वयात हृदयविकार होतो. उलट ज्यांचे एलडीएल जनुकीय कारणाने जन्मभर कमी असते, त्यांना तो क्वचित होतो. एलडीएल औषधाने उतरवले की झटके कमी होतात, हे वारंवार सिद्ध झाले आहे. एचडीएलचे तसे नाही. ते कमी असणे ही धोक्याची खूण आहे. पण औषधाने ते वाढवण्याचे मोठे प्रयत्न फसले, आणि जनुकीय कारणाने ते अधिक असणाऱ्यांनाही त्याचा लाभ होत असल्याचे दिसले नाही. हातदिव्याचा रंग बदलला म्हणून रूळ दुरुस्त होत नाहीत. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. कमी धोका असलेल्यांसाठीही त्यांत एलडीएल १०० च्या खाली आणि एचडीएलविरहित कोलेस्टेरॉल १३० च्या खाली असावे असे म्हटले आहे. आजोबांचे १६३ होते.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन महिने मी उगाच कोरडं खाल्लं का?" या प्रश्नात रागापेक्षा खंत अधिक होती. आजींनी बरणी धुऊन वरच्या फळीवर पालथी घातली होती, तेव्हापासून घरात साय साठवली जात नव्हती. जेवताना कुणी फारसे बोलत नव्हते. एका माणसाचा आहार बदलतो तेव्हा तो एकट्याचा बदलत नाही.

"उगाच नाही, आजोबा," नात म्हणाली. "प्रयोग केला. फक्त तुपाच्या जागी काय ठेवलं ते लिहून ठेवायचं राहिलं."

पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ती वही ठेवली गेली. त्यांनी तूप पूर्ण बंद करायला सांगितलेच नव्हते, हेही तेव्हा उघड झाले. गोळी सुरू झाली. दुपारच्या वरणावर एक चमचा तूप परत आले, मोजून. तिसऱ्या पोळीच्या जागी मटकीची उसळ किंवा घट्ट वरण आले, बिस्किटांच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे, दुधातली साखर गेली. फोडणीला शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे तेल, तेही बेताने. संध्याकाळी आजोबा-आजी अर्धा तास चालू लागले.

चार महिन्यांनी तिसरा कागद आला. एकूण कोलेस्टेरॉल १५८, ट्रायग्लिसराइड १६०, एचडीएल ३७, एलडीएल ८९. एचडीएलविरहित कोलेस्टेरॉल १२१. आजोबांनी यावेळी चारही ओळी वाचल्या, वजाबाकी स्वतः केली आणि विचारले, "हे कुणाचं श्रेय? गोळीचं, उसळीचं की चालण्याचं?"

नातीने खरे तेच सांगितले. तिन्ही एकदम बदलले, म्हणून या कागदावरून ते वेगळे करता येणार नाही. एलडीएल एवढे उतरले ते बहुतांशी गोळीने, असे इतरांवरच्या प्रयोगांवरून म्हणता येईल. ट्रायग्लिसराइड उतरण्यात ताटाचा आणि पावलांचा वाटा मोठा असावा. पण एका माणसावर एकाच वेळी तीन बदल करून कारण शोधता येत नाही. आजोबांना हे उत्तर पटले. मालगाडी, पॅसेंजर आणि मेल एकाच वेळी सुटल्या तर उशीर कुणामुळे झाला ते सांगता येत नाही, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होते.

तिन्ही कागद आता फ्रिजवर ओळीने आहेत. त्यांच्याखाली नातीच्या अक्षरात एक कोरा तक्ता चिकटवला आहे. त्यात दोनच रकाने आहेत : काय काढले, आणि त्याच्या जागी काय आले. दुसरा रकाना आजी भरतात. गेल्या रविवारी पुरणपोळी झाली. त्या दिवशीच्या ओळीत पहिल्या रकान्यात 'भात' असे लिहिले आहे, दुसऱ्यात 'एक पोळी, एक चमचा तूप', आणि शेजारी, कुणी न सांगता, 'दोन फेऱ्या जास्त'.